घासून गेलेलं नाव

मामा,

कावळा आला आणि लगेच शिवला. पिंड ठेवून आमचे हे मागं सरकायच्या आतच. मांजरेच्या काठावर जमलेली सगळी माणसं म्हणाली, समाधानानं गेला माणूस, मागं काही राहिलं न्हाई. अत्यांनी डोळ्याला पदर लावला. मी मात्र तिथंच उभी राहिले, कारण माझं वाक्य राहून गेलं होतं. घरून निघाल्यापासून मी ते मनात घोकत होते. कावळा अडून बसला, लोक एकमेकांकडं बघायला लागले, की सुनेनं पुढं व्हायचं आणि हात जोडून म्हणायचं, मामा, साहेबांचं मेडल ज्याचं त्याला पोचवते. मला खात्री होती, तुम्ही त्याच्यासाठीच अडणार. तुम्ही अडला नाहीत. तेव्हापासून मला समजंना झालंय, तुम्ही मला मोकळं केलं, का हिच्याच्यानं होत नाही हे ओळखून आधीच उठून गेलात.

ती गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितली, की आता मीच तिथं हजर होते असं वाटतं. तुमचे वडील, आबा, सिकंदराबादच्या छावणीत एका इंग्रज मेजरचे अर्दली होते. साहेबाचे बूट, साहेबाचा पट्टा, साहेबाचा घोडा आणि साहेबाची मेडलं, सगळं आबांच्या हाताखाली. साहेब तरुणपणी पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याकडं होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. आबांना एवढंच दिसायचं, की परेडला मेडलं लावून गेलेला साहेब बंगल्यावर आला की टोपी काढायच्या आधी हात धुवायचा. साबण लावून, कोपरापर्यंत. आणि दार बंद करून त्याला झोप यायची नाही. आबा उंबऱ्यात आडवे झाले की मग डोळा लागायचा त्याचा. सगळी उमर त्यानं पलटणीत घातली. बायको नाही, लेकरू नाही. पुढं इंग्रजांचं राज्य उठलं. साहेब जहाजाला निघाला तेव्हा मेडल आबांच्या ओंजळीत टाकलं आणि म्हणाला, सांभाळ. दुसरं काही नाही. आबांनी त्याचा अर्थ लावला, पुढं कधी तरी मागवून घेईल.

आबा उदगीरकडं आपल्या गावी आले. त्यांच्या आईला डोळ्यानं अंधुक दिसायचं. तिनं गाठोडं सोडलं तर वरच चांदीचं गोल. त्याच्यावर घोडेस्वार, हातात हत्यार, घोड्याच्या टापेखाली कवटी. म्हातारीनं ते कपाळाला लावलं. खंडोबाच की! टापेखाली मणी-मल्ल! म्हाळसा दिसेना, कुत्रं दिसेना, तर म्हणाली म्हणे, "कुत्रं मागं ऱ्हायलं असल, येतंय." आणि नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं, टाकांच्या ओळीत. हळद वाहिली. आबा पलटणीत राहिलेला माणूस, पण आईपुढं बोलायची हिंमत झाली नाही. हळद वाहिलेला देव तिच्या हातून काढून कसा घ्यायचा? पुढं गाव सुटलं, लातूरला घर झालं, देव्हारा लातूरला आला, स्वार लातूरला आला. दर रविवारी देव उजळायचे. चिंच लावायची, राखेनं घासायचं. आबांच्या आईनं घासलं, आबांच्या बायकोनं घासलं, मग अत्यांनी. अत्या तर म्हणायच्या, "ह्या देवाच्या अंगावर कापडं कामून न्हाईत?" आणि तुम्ही म्हणायचात, "लातूरचा देव हाय तो. उन्हाळा सोसंना त्याला."

मग मी आले.

माझा बाप धर्माबादच्या स्टँडवर चहाचं हॉटेल चालवायचा. आठवीत शाळा सुटली ती त्याच्या कपबशा विसळायला. घरात आम्ही तेलगू बोलणार, गिऱ्हाइकाशी मराठी, कुणाशी हिंदी. तुम्ही त्या रोडला बसवर कंडक्टर होतात. खाकी कपडे, छातीवर पितळी बिल्ला, आणि तो बिल्ला असा लखलखीत की त्यात तोंड बघून घ्यावं. एक दिवस चहा पिता पिता तुम्ही बापाला म्हणालात, "अन्ना, ही पोरगी माझ्या घरी देता का? हिच्या हातच्या कपाला कधी कान तुटलेला बघितला न्हाई मी." असं माझं लग्न जमलं. कुंडली नाही, काही नाही. कपाच्या कानावर.

लातूर मला परदेशासारखं होतं. गंगामणी नावाला आधी हसले, मग माझ्या बोलण्याला. तेलंगीण म्हणायचे सगळे. तुमच्या बहिणीनं एकदा पंगतीतच म्हणलं, तर तुम्ही हातातला घास खाली ठेवला. "तिला तीन भाषा येत्यात. तुला एक तरी नीट येती का?" त्या दिवसापासून घरात कुणी तो शब्द काढला नाही. आणि माझा भित्रेपणा. बाजारात निघालं की अर्ध्या रस्त्यात मला वाटायचं, गॅस चालू राहिला. आमचे हे कावायचे. तुम्ही काही न बोलता पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचात आणि माझ्यासंगं घरापर्यंत माघारी चालत यायचात. गॅस बंदच असायचा. तुम्ही कधी म्हणला नाहीत, बघ, म्हणलं होतं ना. म्हणायचात, "चल, बरं झालं. आता निवांत भाजी घेऊ." असं किती वेळा झालं त्याचा हिशेब माझ्याकडं नाही. बापानं सुद्धा माझी भीती एवढी सांभाळली नव्हती.

आबा गेले ते तुमच्याकडून वचन घेऊन. "ज्याचं त्याला दे." नोकरी होती तोवर तुम्हाला सवड मिळाली नाही. रिटायर झालात आणि एका रविवारी मी देव घासायला बसले होते तर माझ्या हातातली चिंच काढून घेतलीत.

"आता ऱ्हाऊ दे. हे घासायचं न्हाई."

"देव काळा पडंल, मामा."

"पडू दे. तो देव न्हाई, माणूस हाय."

मग भिंग आणलंत. मेडल फिरवून फिरवून उजेडाला धरत होतात. म्हणालात, ह्या कडेला बारीक अक्षरं होती, साहेबाचं नाव होतं, आबा सांगायचे. मी हात लावून बघितला. कड अशी गुळगुळीत, जशी वापरून वापरून झिजलेली भाकरीची उलथणी. एक अक्षर नव्हतं. एका जागी काही तरी खरखर लागत होती, ती सुद्धा मनाची असेल.

मी म्हणलं, "मग आबांनी नाव कधी सांगितलं नाही?"

"मालकाचं नाव कोन घेतंय? तू घेतीस का माझ्या पोराचं?"

खरंच होतं. मी तरी यांचं नाव कुठं घेते. आबा जन्मभर नुसतं साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडानं ते नाव घेतलं नाही, आणि घरातल्या बायकांच्या हातानं ते पुसून टाकलं. मला तेव्हा लई भ्या वाटलं, मामा. मानानंच माणूस असा नाहीसा होतो? कुणी वैर केलं नाही, कुणी चोरी केली नाही, नुसती सेवा केली.

सिकंदराबादला तुम्ही मला घेऊन गेलात. आमचे हे म्हणाले, हिला कशाला, तर तुम्ही म्हणालात, "तिथं तेलगू बोलाया लागंल, माझी जीभ वळंना." छावणीकडच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत एक राखणदार होता, पांढऱ्या मिशांचा. त्याला वाटलं आम्ही कुणाची कबर शोधायला आलोय. मी तेलगूत सगळं सांगितलं. तो हसला. इथं मेजर काय थोडे होऊन गेले का अम्मा, म्हणाला, पलटण कोणती? तुम्हाला ठाऊक नव्हतं. नाव काय? तुम्ही खिशातून रुमाल काढला, रुमालातून मेडल काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, हे कुणी घासलं असं? माणूस मारून टाकला ना तुम्ही लोकांनी.

तुम्ही विचारलंत, "काय म्हनला?"

मी म्हणलं, "म्हणला, लई निगुतीनं ठेवलंय."

तुम्ही मान हलवली. त्याला चहाला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. मग आपण त्या कबरींच्या रांगांमधून चाललो. तुम्ही प्रत्येक दगडापुढं थांबायचात, इंग्रजी वाचता येत नसताना. मी म्हणलं, मामा, काय बघता? तर म्हणालात, "कुटं तरी नाव तर लिव्हलंय ना, ते बघतोय." परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीला बसला होतात.

"गंगे, धर्माबादच्या गाडीवर मी कित्येक वर्षं काढली का न्हाई?"

"हाव."

"मग त्यो काय म्हनला ते मला समजलं नसल का?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. तुम्ही माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही, पिशवीतून भाकरी काढलीत आणि अर्धी मला दिलीत. "बरं केलंस," म्हणालात. "दोन डाव ऐकायचं नव्हतं मला."

त्याच्यानंतर आपलं भांडण झालं. ते मिटलंच नाही, म्हणून आज परत काढते. मी बोलायला नको होतं असं सगळे म्हणाले, पण मला अजून वाटतं माझं खरं होतं. मी म्हणलं, साहेब विसरला नव्हता, मामा. तो टाकून गेला होता. ज्याला मेडल लावलं की हात धुवावे वाटतात, तो ते समुद्रापार कशाला मागवील? त्यानं सांभाळ म्हणलं, कारण नेऊन फेक म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. माणसं अशी सोडून जातात वस्तू. मी शाळा सोडली तेव्हा दप्तर मैत्रिणीकडं ठेवलं होतं, नेते म्हणलं होतं नंतर. मला ठाऊक होतं मी नेणार नाही.

तुमचा चेहरा उतरला तसा मी कधी बघितला नव्हता. "मग माझ्या बापानं काय उकिरडा सांभाळला का?"

पुढं कितीतरी दिवस तुम्ही माझ्या हातून चहा घेतलात पण बोलला नाहीत. शेवटी बोलायला लागलात ते भाजीवर, पाण्याच्या टँकरवर. मेडलाचं नाव काढलं नाही. मी उत्तर शोधत राहिले. आता सापडलंय, पण ऐकायला तुम्ही नाहीत. उकिरडा नव्हता, मामा. त्या माणसाला जे धरवत नव्हतं ते आबांनी धरलं. उंबऱ्यात झोपायचे, तसंच हे. एवढं मला तेव्हा बोलता आलं नाही. आठवीपर्यंतच्या बाईला वेळेवर शब्द सुचत नाहीत, नंतर भांडी घासताना सुचतात.

नांदेडच्या दवाखान्यात तुम्हाला नळ्या लावल्या होत्या. मी रोज वाट बघत होते, की आज तुम्ही मला वचन मागणार. तुमच्या बापानं तुम्हाला मागितलं तसं. मी घाबरले होते आणि तयारही होते. तुम्ही माझा हात धरायचात, ओठ हलवायचात, मी वाकायचे. तुम्ही विचारायचात, "गॅस बंद केलास का?" तुम्हाला वाटायचं आपण घरीच आहोत. मी म्हणायचे, हाव मामा, केला. शेवटपर्यंत तुम्ही दुसरं काही मागितलं नाहीत.

आता जे सांगते ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. ते मला पण तुमच्या तेराव्यानंतर कळलं. कुणाला सांगावं समजंना. ज्याला सांगायला पाहिजे तोच गेलाय, म्हणून लिहून राहिले.

अत्यांची जोडवी दहाव्याला उतरवायची होती. मी म्हणलं, आता कुणी उतरवत नाही, राहू द्या. तुमची बहीणही गप्प बसली. अत्यांनीच साबणाचा फेस केला आणि ओढत बसल्या. बोटं सुजलेली, निघंनात. मीच मग धरून काढली. तिथं पांढरा वण पडला होता. तेराव्यानंतर मी मेडल तुमच्या रुमालात बांधून कपाटात ठेवत होते, तर अत्या जोडवी घेऊन आल्या.

"हे बी त्यातच ठिव."

"कशात?"

"त्या घोडेवाल्यासंगं. एकाच घरचे हायेत ते."

मला काही कळंना. अत्या पलंगावर बसल्या आणि भिंतीकडं बघत बोलल्या. साहेबानं दोन मेडलं दिली होती, मामा. एक देव्हाऱ्यात गेलं. दुसरं आबांनी ट्रंकेत ठेवलं होतं, कापडात गुंडाळून. त्याला कधी कुणी चिंच लावली नाही. तुमच्या लग्नात नवरीला घालायला घरात चांदी नव्हती. आबांनी ते दुसरं मेडल नेऊन सोनाराला दिलं. सोनारानं भट्टीत टाकायच्या आधी विचारलं, कडेला नाव हाय कुणाचं तरी, वितळवू का? आबा म्हणाले, वितळवा.

"तुम्हाला कुणी सांगितलं, अत्या?"

"त्यांनीच. मरायच्या आधी. ह्यांच्याकून वचन घेतलं, आन ह्ये बाहेर गेल्यावर माझ्या पायाकडं बघून रडले. म्हनले, सूनबाई, पोराला सांगू नगं. माझं तोंड खाली हुईल."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"कसं सांगू? सवाशिणीच्या पायातलं काढून द्या म्हनले असते तर?" मग म्हणाल्या, "आन तसं म्हनले नसते, तर वचन मोडलं म्हून त्यांचं त्यांना सोसलं नसतं."

मामा, तुम्ही भिंग घेऊन एका झिजलेल्या कडेवर डोळे फोडत होतात, आणि पलीकडून अत्या तुम्हाला पाणी आणून देत होत्या. जोडवी वाजायची त्यांची फरशीवर. आबांचा मला राग आला. जे त्यांना स्वतःला निभावलं नाही, ते वचन म्हणून तुमच्या गळ्यात घातलं, आणि तुम्ही म्हातारपण त्याच्यात घातलंत. अत्यांचा पण राग आला, पण तो टिकला नाही. एवढी वर्षं दोघांचंही तोंड खाली होऊ दिलं नाही त्या बाईनं.

म्हणून मी आता ते वचन देत नाही. तुम्ही मागितलं नाही, आणि मी देत नाही. आमच्या पोरीलाही सांगणार नाही, की जा आणि शोध. ती कॉलेजात आहे, तिला इंग्रजी येतं, ती म्हणते आई मी फोटो टाकते इंटरनेटवर, कुणी तरी ओळखंल. मी म्हणलं, तुझी हौस असंल तर टाक. पण आजोबासाठी म्हणून नको टाकू. तिनं टाकला नाही अजून. तुम्हाला राग येईल. येऊ द्या. एक भांडण राहिलंय त्याच्यात दुसरं.

पण ज्याचं त्याला द्यायचं हे काही माझ्या डोक्यातून जाईना. मी भित्री आहे, मला अर्धवट ठेवून चालत नाही. साहेबाला कोण होतं? बायको नाही, लेकरू नाही. तो कुठं मेला, त्याला कुणी माती दिली, कुणाला ठाऊक? मी आपल्या भटजींना विचारलं, ज्याचं नाव नाही, गोत्र नाही, जातधर्म आपला नाही, त्याचं काही करता येतं का? मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, जेवू घालायचं असेल तर घाला, जेवणाला गोत्र लागत नाही.

काल तुमचं महिन्याचं पान होतं. तुमच्या आवडीची येसराची आमटी केली, चुका घातलेली भाजी केली, भाकरी, ठेचा, भात. केळीचं पान मांडलं. मग शेजारी दुसरं मांडलं, अत्यांना न विचारताच. सासूच्या घरात, सासऱ्याच्या पानाशेजारी, परक्याचं पान. आमच्या ह्यांनी एकदा बघितलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

अत्या आल्या. मोकळ्या पायाच्या, म्हणून आवाज आला नाही. दोन्ही पानांकडं बघितलं.

"दुसरं कुणाचं?"

"साहेबांचं," मी म्हणलं.

अत्या पानाजवळ आल्या. मला वाटलं आता पान उचलतील. मग भिंत धरून हळूच खाली बसल्या, साहेबाच्या पानावरचा ठेचा बोटानं निपटून काढला, पान कडेनं पाण्यानं पुसलं आणि माझ्यावर कावल्या.

"अगं, गोऱ्याला सोसंल का हे? त्याला निस्ता दहीभात वाढ."